कमानी दिसतात, पाट दिसत नाही

प्राचीन रोमच्या पाणीपुरवठ्याविषयी आपल्या वर्गापर्यंत जी छायाचित्रे पोचतात, ती फिरून फिरून तीनच ठिकाणांची असतात. फ्रान्समधला पाँ द्यू गार हा तीन मजली पूल, स्पेनमधल्या सेगोव्हिया शहराच्या भर चौकातून गेलेली दुमजली कमानरांग आणि रोमबाहेरच्या माळावरचे क्लॉडिया योजनेचे भग्न अवशेष. तिन्ही ठिकाणची छायाचित्रे देखणी आहेत. ऊन तिरपे आहे, दगडाचा पोत स्पष्ट आहे, आकाश मोकळे आहे. प्रश्न सौंदर्याचा नाही. जी वस्तू पाणी वाहून नेण्यासाठी बांधली, तिच्या छायाचित्रात पाण्याविषयी काही कळते का, हा प्रश्न आहे. विज्ञान शिकवणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे, कारण भिंतीवर टांगलेले चित्र आपल्या बोलण्यापेक्षा जास्त काळ मुलांच्या डोक्यात राहते.

चित्राने पहिला घोटाळा शब्दातच करून ठेवला आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पाणी नेणे’ एवढाच आहे. त्यात पूल नाही, कमान नाही. मराठीत मात्र आपण त्याला ‘जलसेतू’ म्हणतो. ज्या कोणी हा शब्द प्रथम वापरला त्याच्यासमोर कमानींचे चित्र असणार, असे म्हणावेसे वाटते. कालवा नाल्यावरून किंवा नदीवरून नेण्यासाठी पाटबंधारे खाते जे बांधकाम करते, त्याला जलसेतू म्हणणे अगदी योग्य आहे. परंतु झऱ्यापासून शहरापर्यंतच्या सबंध योजनेला तो शब्द लावणे म्हणजे नाशिक–मुंबई रेल्वेमार्गाला ‘बोगदा’ म्हणण्यासारखे आहे. आपल्याकडे ‘पाट’ हा साधा, सोपा शब्द आहे. खेड्यातल्या मुलाला तो समजावून सांगावा लागत नाही. रोमन लोकांनी पाट बांधले, आणि त्या पाटांवर काही ठिकाणी पूल होते. एवढे एक वाक्य फळ्यावर लिहिले तरी निम्मे काम होते.

‘काही ठिकाणी’ म्हणजे किती, हे सांगणारा एक विश्वासू साक्षीदार आहे. सेक्स्टस ज्युलियस फ्रंटिनस हा अधिकारी इसवी सन ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला आणि त्याने आपल्या खात्याची सविस्तर माहिती लिहून ठेवली. रोमची सर्वांत जुनी योजना म्हणजे ॲपिया, इसवी सनापूर्वी ३१२ मधली. तिची लांबी तो ११,१९० पावले देतो. यातली ११,१३० पावले जमिनीखालून आणि फक्त ६० पावले जमिनीवर! रोमन पाऊल म्हणजे आपली दोन पावले, सुमारे १.४८ मीटर. म्हणजे साडेसोळा किलोमीटरच्या पाटापैकी जेमतेम ८९ मीटर भाग उघड्यावर होता. आता क्लॉडिया घ्या. कमानींसाठी हीच सर्वांत प्रसिद्ध. ती इसवी सन ३८ मध्ये सुरू झाली आणि ५२ मध्ये पुरी झाली. लांबी ४६,४०६ पावले, त्यांपैकी ३६,२३० पावले जमिनीखाली. म्हणजे जिच्या कमानींचे चित्र जगभर फिरते, तीही सुमारे ७८ टक्के अदृश्य आहे. उरलेल्या २२ टक्क्यांवरून आपण सगळ्या योजनेचे रूप ठरवतो. हत्तीच्या सोंडेवरून हत्ती ठरवणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि चित्र मात्र सोंडेचेच टांगतो.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. पाटाचा प्राण म्हणजे त्याचा उतार, आणि हा उतार छायाचित्रात दिसूच शकत नाही. पाँ द्यू गार हा नीम शहराला पाणी नेणाऱ्या पाटावरचा पूल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात बांधलेला हा पाट उझे गावाजवळच्या झऱ्यापासून निघतो. सरळ रेषेत अंतर सुमारे वीस किलोमीटर, पण डोंगरांच्या कडेकडेने वळसे घेत पाट पन्नास किलोमीटर चालतो. एवढ्या अंतरात त्याची एकूण उतरण १२.६ मीटर आहे. सरासरी काढली तर किलोमीटरला सुमारे २५ सेंटिमीटर. पुलावर तर उतार याहूनही कमी, या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम अडीच सेंटिमीटर.

हे गणित वर्गात अवश्य करून घ्यावे. पुलाची वरची कमानरांग आज सुमारे २७५ मीटर लांब आहे. पुस्तकात ती १५ सेंटिमीटर रुंदीच्या चित्रात बसवली, तर चित्रातला एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले अठरा मीटरांहून थोडे अधिक. या प्रमाणात अडीच सेंटिमीटरचा उतार एका मिलिमीटरच्या सत्तराव्या भागाहून कमी होतो. माणसाच्या केसाची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर धरली तर हा उतार केसाच्या पाचव्या हिश्शाएवढा! छपाईच्या शाईचा ठिपकाही याहून मोठा असतो. उलट, छायाचित्रकाराच्या हातून कॅमेरा एका अंशाने कलला, तर २७५ मीटरांच्या दोन टोकांत चित्रापुरता ४.८ मीटरचा फरक पडतो. म्हणजे कॅमेऱ्याची एक अंशाची चूक खऱ्या उताराच्या जवळजवळ दोनशेपट आहे. रोमन मोजणीदारांची खरी करामत जिथे आहे तिथेच छायाचित्र आंधळे आहे, आणि हा छायाचित्रकाराचा दोष नाही.

ज्या छायाचित्रांत उतार ‘दिसतो’, ती तर आणखी फसवी असतात. सेगोव्हियाचे लोकप्रिय चित्र रांगेच्या एका टोकाशी उभे राहून घेतलेले असते. जवळच्या कमानी उंच, दूरच्या लहान, आणि वरची कड दूर जाताना झपाट्याने खाली उतरते. चित्र पाहणारे मूल सहज म्हणते, ‘पाणी इकडून तिकडे उतरत जाते.’ ती उतरण पाण्याची नसून दृष्टिभेदाची आहे. दुसऱ्या टोकाशी उभे राहून चित्र घेतले असते, तर पाणी उलट दिशेने उतरताना दिसले असते! शिवाय तिथे चौकाशी कमानी सुमारे २८ मीटर उंच आहेत आणि दोन्ही बाजूंना जमीन चढत गेल्यामुळे ठेंगण्या होत जातात. वरची कड जवळजवळ सपाट आहे. बदलते ती खालची जमीन. हे ओळखायला मुलांच्या हाती एकच उपाय द्यावा: चित्रातल्या वरच्या कडेवर पट्टी ठेवायची आणि त्याच चित्रात जमिनीवरच्या समांतर रेषा कुठे मिळतात ते पाहायचे. दोन्ही रेषा एकाच बिंदूकडे जात असतील तर तो उतार नव्हे, दृष्टिभेद आहे.

मग हीच चित्रे का रूढ झाली? थोडा दोष तंत्राचा आहे. छायाचित्रणाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत फोटो घेण्यास भरपूर उजेड आणि पुष्कळ वेळ लागे. हलणारी माणसे पुसट होत किंवा नाहीशी होत, वाहत्या पाण्याचा धूर दिसे. दगडी पूल मात्र हालत नाही. भुयारात कॅमेरा नेण्याची सोय १८६० च्या दशकात मॅग्नेशियमच्या तारेचा उजेड वापरता येऊ लागल्यावर झाली. फ्रान्स सरकारने १८५१ मध्ये प्राचीन वास्तूंची चित्रे घेण्यासाठी पाच छायाचित्रकार देशभर पाठवले, त्यांत एद्वार बाल्दूस होता. त्याचे पाँ द्यू गारचे चित्र आजही त्या पुलाच्या उत्तम चित्रांत गणले जाते. पुढे एका रेल्वे कंपनीच्या मार्गावरील स्थळांच्या संग्रहात हा रोमन पूल नव्या रेल्वेपुलांच्या शेजारी आला. तिथे तो पाण्याचा पाट राहिलाच नाही. आजच्या इंजिनिअरांचा थोर पूर्वज म्हणून उभा राहिला. हा अर्थ चित्राने दिला, आणि तो आपण जसाच्या तसा उचलला.

या पुलाच्या चित्रांतली एक लबाडी शिक्षकांना आवडेल. पुलाच्या खालच्या मजल्याला चिकटून, नदीच्या खालच्या अंगाला, १७४३ ते १७४७ या काळात रहदारीसाठी दुसरा पूल बांधलेला आहे. वरच्या अंगाने चित्र घेतले की तो झाकला जातो आणि निखळ रोमन वास्तू मिळते. तो जोडपूल बांधणारा इंजिनिअर होता आंरी पितो. विमानाचा वेग मोजणारी पितो नळी ज्याच्या नावाने ओळखतात तोच! वाहत्या पाण्याचा वेग मोजण्यासाठी त्याने ती १७३२ मध्ये सुचवली होती. प्रवाहाचे मोजमाप शिकवताना दाखवण्याजोगे चित्र खरे तर खालच्या अंगाचे आहे. पण निखळतेच्या हव्यासापायी नेमके तेच मागे पडते.

सगळेच छायाचित्रकार कमानींच्या मोहात पडले असे मात्र नाही. ऑक्सफर्डचे जॉन हेन्री पार्कर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोमच्या अवशेषांची तीन हजारांवर छायाचित्रे काढवून घेतली आणि १८७६ मध्ये पाटांवर स्वतंत्र खंड काढला. त्यांचे पुष्कळ निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी बाजूला ठेवले, पण मळकट, अंधाऱ्या, कुणाला न आवडणाऱ्या कोपऱ्यांची चित्रे घेण्याची त्यांची चिकाटी मोठी होती. त्यानंतरच्या पिढीत थॉमस ॲशबी आणि एस्थर व्हॅन डेमन ही दोन नावे महत्त्वाची. दोघांनी रोमच्या परिसरातली दऱ्याखोरी वर्षानुवर्षे पायी तुडवली. व्हॅन डेमन यांचे पुस्तक १९३४ मध्ये आले. ॲशबींचे, त्यांच्या मृत्यूनंतर, १९३५ मध्ये. यांची छायाचित्रे दिनदर्शिकेवर कुणी छापणार नाही. पण झुडपांत अर्धवट बुजलेला पाट, तुटलेल्या भिंतीतून दिसणारा त्याचा छेद, विटांचे थर, चुन्याचा गिलावा, खाली उतरण्याची विहिरीसारखी भोके हे सारे त्यांत आहे. विज्ञानाच्या शिक्षकाने मागावीत ती ही चित्रे.

माझ्या मते वर्गासाठी सर्वांत बोलके चित्र रोममधल्या पोर्ता माज्जोरे या वेशीचे आहे. तिथे क्लॉडियाचा पाट आणि त्यावर नव्या आनिओचा पाट असे दोन पाट एकावर एक गेले आहेत आणि तुटलेल्या बाजूने दोन्हींची पोकळ चौकट उघडी दिसते. एका नजरेत कळते की कमानी म्हणजे नुसते जोते. पाणी वर, झाकलेल्या खोक्यातून. मग मुलांना पुढचे प्रश्न आपोआप पडतात. झाकले कशासाठी? बाष्पीभवन, शेवाळ, कचरा. आणि चोरी? फ्रंटिनस चोरीविषयी संतापून लिहितो. रस्त्याखालच्या नळांना गुपचूप भोके पाडून पाणी पळवण्याचा धंदाच तेव्हा रोममध्ये चालत होता. आपल्या शहरांतही हे ऐकून कुणाला फारसे नवल वाटणार नाही.

असेच दुसरे उपयुक्त चित्र नीमच्या पाटातल्या क्षाराच्या थराचे. पाट आतून सुमारे सव्वा मीटर रुंद आहे. झऱ्याचे पाणी चुनखडीच्या डोंगरातले, त्यामुळे शतकानुशतके कॅल्शियम कार्बोनेट भिंतींवर साचत गेले. काही ठिकाणी हा थर चाळीस सेंटिमीटरांहून जाड आहे. दोन्ही बाजूंना असा थर बसला की वाट किती उरली, हे मुलांना काढू द्यावे. झाडाच्या वाढवलयांसारखे थर त्यात मोजता येतात. ज्यांच्या घरी बोअरचे पाणी तापवतात त्यांनी बंबाच्या किंवा गीझरच्या आतला पांढरा थर पाहिलेला असतो, त्याचाच हा थोरला भाऊ. पाटाची देखभाल थांबली की काय होते, हे या एका चित्रात आहे. फ्रंटिनसच्या हाताखाली या कामासाठी दोन तुकड्यांत मिळून ७०० माणसे होती. कमानींच्या एकाही प्रसिद्ध चित्रात त्यांच्यापैकी कुणाची आठवण राहात नाही.

कमानींच्या चित्रांनी आणखी एक गैरसमज पसरवला आहे. ‘पाणी आपली पातळी गाठते हे रोमन लोकांना ठाऊक नव्हते, म्हणून बिचारे पूल बांधत बसले’ असे वाक्य अधूनमधून छापलेले आढळते. हे साफ चूक आहे. फ्रान्समधल्या लियों शहराच्या जिए पाटावर खोल दरी ओलांडण्यासाठी शिशाच्या नळांचा उलटा सायफन होता. त्याची खोली १२३ मीटर, म्हणजे तळाशी सुमारे बारा वातावरणांचा दाब. शिसे महाग, सांधे फुटण्याची भीती मोठी, म्हणून जिथे दरी पुलाच्या आवाक्यात असे तिथे पूल, त्यापलीकडे सायफन, असा हा हिशेब होता. पाँ द्यू गारची उंची सुमारे ४९ मीटर आहे ती या आवाक्याच्या काठावरची. सायफनचे अवशेष म्हणजे दोन टोकांच्या टाक्या आणि मधला बुटका पूल. चित्रात ते केविलवाणे दिसतात, म्हणून छापले जात नाहीत.

आता आपल्याकडे वळू. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आताचे छत्रपती संभाजीनगर, वसवले आणि नंतरच्या काही वर्षांत शहरासाठी नहर बांधली. डोंगरपायथ्याच्या जमिनीत मुरलेले पाणी भुयारी मार्गात गोळा करायचे आणि उताराने शहरात आणायचे, अशी ही योजना. वर दिसतात त्या फक्त ठराविक अंतरावरच्या मोऱ्या आणि बंब. त्याच शहरातल्या पाणचक्कीचे छायाचित्र सर्वांनी पाहिले आहे: भिंतीवरून हौदात पडणारे पाणी. सुमारे सहा किलोमीटरवरून खापराच्या नळांतून आलेले ते पाणी इतक्या उंचीवर चढले कसे, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर चित्राच्या चौकटीबाहेर आहे. पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या पाण्याचेही तसेच. भुयारी नळ, वाटेत उच्छ्वास आणि शहरात हौद. ‘उच्छ्वास’ हा शब्दच किती नेमका आहे! कोंडलेली हवा बाहेर पडण्याची ती जागा.

या योजना कमी प्रतीच्या म्हणून जगाच्या पुस्तकांत येत नाहीत असे नाही. त्यांना कमानी नाहीत. मुलाच्या मनात मात्र हिशेब असा बसतो की पाणी आणण्याची विद्या युरोपची, आपण विहिरीतून शेंदत होतो. ‘आमचेच श्रेष्ठ’ म्हणून त्यावर उतारा शोधण्यात अर्थ नाही, कारण मुळात गोंधळ चित्रांच्या निवडीचा आहे.

आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. बागलाण आणि मालेगाव भागात मोसम, आरम या नद्यांवर, आणि शेजारी धुळे जिल्ह्यात पांझरेवर, तीनचारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली आहे. काही ठिकाणी ती अजून टिकून आहे. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, आणि गावाची भिजणारी जमीन साधारणतः चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, कोणता फड यंदा भिजवायचा ते गावाने ठरवायचे. हे कालवे दोन ते बारा किलोमीटर लांब असतात आणि त्यांची क्षमता सेकंदाला सुमारे ४५० लिटर सांगितली जाते. आता नीमच्या पाटाकडे पाहा. तो भरात असताना दिवसाला अंदाजे ४०,००० घनमीटर पाणी नेत असे. दिवसाचे ८६,४०० सेकंद. भागाकार केला तर सेकंदाला सुमारे ४६३ लिटर! मोसमकाठचा कालवा आणि जगप्रसिद्ध पाँ द्यू गार यांच्यातून जवळजवळ सारखेच पाणी जाते. एकाची चित्रे लाखोंनी आहेत. दुसऱ्याचे चित्र सटाण्याच्या शाळेतल्या भिंतीवर तरी असावे. त्या चित्रात पाणी सोडणारा पाटकरी असला तर फारच उत्तम.

नाशिकच्या पांडवलेण्यांतही हीच निवड दिसते. छायाचित्रे खांबांची, शिल्पांची आणि चैत्याच्या दर्शनी भागाची. पण क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यातल्या शिलालेखात लेण्याच्या जोडीनेच पोढ्यांचा, म्हणजे कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांचा, अभिमानाने उल्लेख केला आहे. हा लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, फ्रंटिनसनंतर फार उशिराचा नव्हे. दान देणाऱ्याला पोढी लेण्याइतकी महत्त्वाची वाटली. आपल्या कॅमेऱ्याला वाटत नाही.

छायाचित्र कसे असावे याचे एक माप फ्रंटिनसनेच देऊन ठेवले आहे. त्याने आपल्या खात्यासाठी पाटांचे नकाशे काढवून घेतले होते. त्यांत दऱ्या कुठे आणि केवढ्या आहेत, नद्या कुठे ओलांडल्या आहेत, डोंगरकडेने गेलेल्या पाटाची कुठे जास्त काळजी घ्यावी लागते, हे एका नजरेत दिसावे असा त्याचा हेतू होता. या मापाने पाहिले तर हल्लीची ड्रोनने घेतलेली चित्रे निदान पाटाची वळणे दाखवतात, हा त्यांचा गुण मान्य केला पाहिजे.

शाळेच्या सहलीत आता प्रत्येक शिक्षकाजवळ कॅमेरा असलेला फोन असतो. कालवा, चारी, पोढी, जुना हौद, जे जवळ असेल त्याचे चित्र घेताना चौकटीत एक मीटरपट्टी उभी धरावी आणि एक विद्यार्थी उभा करावा. कॅमेरा पातळीत ठेवावा. तुटलेली बाजू सापडली तर आधी तिचे चित्र घ्यावे. नंतर गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दहा-दहा मीटरांवर पातळी मोजावी. रोमन मोजणीदारांचे साधन याहून फार वेगळे नव्हते: वीस फुटी फळी, तिला टांगलेले ओळंबे आणि वाऱ्याने ओळंबे हलू लागले तर फळीवरच्या खाचेत ओतलेले पाणी. आलेले आकडे चित्राखाली लिहावेत. आडव्या अंतरासाठी एक प्रमाण आणि उभ्या अंतरासाठी त्याच्या शंभरपट प्रमाण घेऊन आलेख काढला, तर जो उतार कोणत्याही छायाचित्रात उतरत नाही तो वहीच्या एका पानावर दिसतो.